स्टेवाली बाई

माझ्या ताईला आमच्या भागात कोणी नावानं ओळखत नाही. सगळे तिला 'स्टेवाली बाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण तिची पाठ वळली की म्हणतात, आणि तिला ते पक्कं ठाऊक आहे. एका सरकारी शाळेतल्या एका जागेवर कोर्टाचा स्टे होता आणि तो ताईने आणला होता, एवढाच त्या नावाचा इतिहास. ज्यांनी हे नाव पाडलं त्यांना स्टे म्हणजे काय ते धड सांगता यायचं नाही. मलाही पूर्वी येत नव्हतं. आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

ताई शिक्षिका होणार हे आमच्या घरात फार आधी ठरलं होतं आणि ते तिनेच ठरवलं होतं. मी तिची पहिली विद्यार्थिनी. दाराच्या मागच्या बाजूला ती खडूने गणितं लिहायची आणि माझं चुकलं की माझा कान तिच्या हातात. आईने ते दार पुसणंच सोडून दिलं होतं. पुढे बाबा गेले. घरात कमावतं कोणी उरलं नाही, म्हणून ताई एका खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर लागली आणि शिक्षणशास्त्राची पदविका तिने पत्राद्वारे केली. सुट्ट्यांमध्ये इतर मुली फिरायला जायच्या, ही संपर्कवर्गाला जायची. संस्था सरकारमान्य, प्रमाणपत्र सरकारचं, खालचा शिक्काही सरकारचाच.

मग सरकारी शाळांसाठी भरती निघाली. जाहिरातीत लिहिलं होतं, पदविका हवी आणि पात्रता परीक्षा पास हवी. ताईकडे दोन्ही होतं. निवड यादीत तिचं नाव आलं, चांगलं वरच्या बाजूला आलं, आणि शाळाही ठरली. कालव्यापलीकडची प्राथमिक शाळा, तिसरी-चौथीचा वर्ग. आम्ही दोघी एका रविवारी ती शाळा बाहेरून बघून आलो. कुलूप होतं. ताई खिडकीच्या गजांना नाक लावून कितीतरी वेळ आत बघत राहिली. मी म्हटलं, "ताई, चल आता, लोक चोर समजतील." तर म्हणाली, "फळा फार वर लावलाय गं. मुलांचा हात कसा पुरणार?"

नेमणुकीचं पत्र हातात पडायच्या आत खात्याने नवा नियम काढला. पत्राद्वारे केलेली पदविका चालणार नाही. आणि हा नियम पुढच्या भरतीपासून नव्हे, चालू भरतीलाच लागू. पंगत बसली, पानं वाढून झाली आणि मग यजमानाने येऊन सांगावं की मागच्या दाराने आलेल्यांनी उठा, तसला प्रकार. दार त्यांचंच, बोलावणंही त्यांचंच.

ताई रडली नाही. मी रडले, आई रडली, आणि ताई वकील शोधायला गेली.

वकीलसाहेब भला माणूस होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बघू' म्हणायची त्यांना खोड होती, तेवढी सोडली तर तक्रार करायला जागा नाही. पहिल्याच सुनावणीला न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला विचारलं, भरती अर्ध्यावर असताना नियम बदलताच कसा? सरकारी वकिलाने उत्तर द्यायला मुदत मागितली. न्यायाधीश म्हणाले, घ्या मुदत, पण तोपर्यंत या बाईंची जागा कुणालाही द्यायची नाही, रिकामी ठेवायची. हाच तो स्टे. ताई घरी आली तेव्हा तिच्या गालांवर मी कधी न पाहिलेला रंग होता.

"राखून ठेवली म्हणजे मिळाल्यासारखीच की," आई म्हणाली.

आम्ही तिघीही तसंच समजलो. जागा राखायची म्हणजे वर्ग मास्तरांविना ठेवायचा, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. खरं तर ते कोर्टाच्याही डोक्यात आलं नसावं. फायलीत फक्त जागा असते, मुलं नसतात.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला खटला म्हणतात, मी त्याला दळण म्हणते. कधी सरकारी वकील आजारी, कधी फाईल सापडेना, कधी न्यायाधीशांची बदली, कधी आमचा नंबर यायच्या आत कोर्ट उठायचं. वकीलसाहेब म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की. बघू." सुरुवातीला ताईसारखे आणखी काही जण केसमध्ये होते. एकाने विमा विकायला सुरुवात केली, एक मुलगी लग्न करून लांब गेली, एकाने सरळ किराणा दुकान टाकलं. ताई राहिली. तिला स्थळं यायची तेव्हा आई सांगायची, "सरकारी शाळेत लागलीय, फक्त कोर्टातनं यायचीय." पाहुणे चहा संपवून उठायचे. आम्ही हसायचो त्यावर. हसलो नसतो तर काय केलं असतं?

एके दिवशी दुपारी एक बाई घरी आली. कालव्यापलीकडे तिचं शिलाईचं छोटं दुकान होतं. गळ्यात मोजमापाची टेप तशीच लोंबत होती, काढायचं भान नव्हतं.

"स्टेवाली बाई इथेच राहतात ना?" तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आत ताई पुढे झाली. "मीच ती."

शिलाईवाली बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली. "बाई, तुम्ही जिंका नाहीतर हरा, मला त्याचं काही नाही. पण तुमच्यापायी माझी पोर तिसरीत पोचली नि तिला अजून जोडाक्षर वाचता येत नाही. तिसरी-चौथीला मास्तर नाही. हेडसर सगळी पोरं एका हॉलमध्ये कोंबतात. विचारलं तर म्हणतात, जागेवर स्टे आहे. तुम्ही तिथे बसतही नाही नि दुसऱ्याला बसूही देत नाही."

मला राग आला. मी म्हणणार होते, नियम सरकारने बदलला, त्यांच्या दारात जा की. पण ताईचा चेहरा बघून गप्प बसले. तिला कुणी असं कधी सांगितलंच नव्हतं. ती इतकंच म्हणाली, "उद्या येते मी शाळेत."

आम्ही गेलो. हेडमास्तर निवृत्तीला आलेला, घामाघूम माणूस. हॉलमध्ये चारही इयत्ता जमिनीवर बसलेल्या, एका कोपऱ्यात पाढे, दुसऱ्या कोपऱ्यात कविता, आणि मधे एक शिक्षिका घसा फोडून ओरडत होत्या. ताई म्हणाली, "सर, मी रोज येते. फुकट शिकवते. मला काही नको."

हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, काय बोलताय तुम्ही! कोर्टाने जागा रिकामी ठेवायला सांगितलीय. तुम्ही वर्गात पाय ठेवलात तर मी आदेश मोडला असं होईल. माझं पेन्शन आहे हो!"

वकीलसाहेबांनीही तेच सांगितलं, फक्त सावकाश. "तुम्ही आत्ता शिकवलंत तर ते म्हणतील, मागल्या दाराने घुसली. निकालापर्यंत त्या शाळेच्या फाटकाच्या आत जाऊ नका. नंतर काय ते बघू."

म्हणजे वर्ग होता, मुलं होती, शिकवणारी होती, आणि तिघांची गाठ पडणं बेकायदेशीर होतं. ज्याला कुणाला हा कायदा कळला असेल त्याने मला येऊन समजावून सांगावा.

ताईने फाटकाच्या आत पाय टाकला नाही. शिलाईवालीच्या दुकानात, मशिनीच्या मागे जी जागा होती तिथे ती बसू लागली. खाजगी शाळा सुटली की थेट तिकडे. आधी एकटी शिलाईवालीची मुलगी, मग तिच्या मैत्रिणी, मग सगळी तिसरी-चौथी. कापडाच्या चिंध्यांवर बसून मुलं वाचायची आणि मशीन खडखडत असायची. दुकानाच्या भिंतीला ताईने फळा लावला, खाली, मुलांच्या हाताला येईल असा. मी औषधाच्या दुकानात कामाला असते, तिथून घरी जाताना कधी कधी डोकवायचे. तिथे बघितलेली ताई मला घरात कधी दिसली नाही. ती मुलांवर चिडायची, त्यांची नक्कल करायची, खो खो हसायची. शिलाईवाली मला म्हणाली, "तुमच्या ताईला उगाच बोलले मी त्या दिवशी." मी म्हटलं, "उगाच नाही बोललात." आणि ते मी मनापासून म्हटलं.

पण चांगलं शिकवण्याचाही दंड असतो, तो आम्हाला पुढे भरावा लागला. मुलं वाचायला लागली, भराभर गणितं करायला लागली, आणि पालकांच्या लक्षात आलं की आता आपलं पोर मोठ्या रस्त्यावरच्या खाजगी शाळेची प्रवेश परीक्षा पास होऊ शकतं. तिथे प्रत्येक वर्गाला मास्तर होते. कोण थांबेल? आधी काही गेली, मग आणखी. जाताना मुलं ताईला सांगायला यायची, आणि ताई प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारायची.

तेव्हा हेडमास्तर स्वतः आमच्या घरी आले. दारातच म्हणाले, "बाई, तुम्ही माझी शाळा रिकामी करताय, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सरकारी शाळेत किती शिक्षक हे पटावर किती मुलं त्यावरून ठरतं. दरवर्षी पट मोजतात. मुलं कमी झाली की एक जागा जाते, आणि जाते ती रिकामी असलेली. "आत्ता काठावर आहे," ते म्हणाले. "आणखी चार-पाच पोरं गेली की तुमची राखून ठेवलेली जागा कागदावरसुद्धा उरणार नाही. मग कोर्ट तुम्हाला काय देणार?"

ते गेले. त्याच आठवड्यात शिलाईवालीने सांगितलं होतं, माझ्या पोरीलाही त्या परीक्षेला बसवा. तिच्याबरोबर दुकानातली आणखी काही मुलं बसणार होती.

"ताई," मी म्हटलं, "यांना या वर्षी राहू दे. एक वर्षाने काय बिघडतंय? निकाल कधीही लागेल. तोवर तयारी थोडी ढिली घे, बास."

"ढिली घे म्हणजे?"

"म्हणजे तुला कळतंय मी काय म्हणतेय ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्यांना येतंय गं सगळं," म्हणाली. "आता येत नाही असं कसं करू?"

मी भांडले तिच्याशी. इतकी वर्षं कशासाठी घालवलीस, आईकडे बघ, स्वतःकडे बघ, केस पिकायला लागलेत तुझे, सगळं बोलून घेतलं. ती ऐकून घेत होती आणि दुसऱ्या दिवशीचे प्रश्न काढत होती. सगळी मुलं पास झाली. शिलाईवालीची मुलगी तर पहिली आली. त्या दिवशी मला ताईचा असा अभिमान वाटला की काय सांगू, आणि तिचा गळा दाबावासाही वाटला.

पट मोजला गेला. जागा गेली. आणि त्यानंतर काही महिन्यांनी ताई केस जिंकली.

निकाल सुरेख होता. भरती सुरू झाल्यावर नियम बदलणं बेकायदेशीर, या बाईंना राखून ठेवलेल्या जागेवर ताबडतोब नेमा. वकीलसाहेब पहिल्यांदाच 'बघू' न म्हणता बोलले. ताई आदेश घेऊन शिक्षण कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि कारकुनाला दोन पत्रं काढायला सांगितली. पहिल्यात ताईची नेमणूक होती. दुसऱ्यात ती जागा अस्तित्वात नसल्यामुळे ताई अतिरिक्त ठरल्याचं कळवलं होतं. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात.

"कोर्टाच्या आदेशाचं पालन झालं," साहेब म्हणाले. "अभिनंदन."

"मग मला दुसऱ्या शाळेत द्या," ताई म्हणाली. "रिकाम्या जागा आहेतच की."

"आहेत. पण सगळ्यांवर स्टे आहेत. तुमच्यासारखेच लोक आहेत हो."

हे सांगताना ताई घरी हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

अतिरिक्त शिक्षकाला काहीतरी काम द्यावं लागतं. ताईला कार्यालयातच एक टेबल दिलं, कोर्टाच्या प्रकरणांचं. भरतीविरुद्ध कुणी केस केली की खात्याच्या वतीने उत्तराचा मसुदा तयार करायचा. साहेबांच्या लवकरच लक्षात आलं की या बाईंसारखं हे काम कुणाला जमत नाही. जमणारच. तिने त्याच चुलीपुढे अर्धं आयुष्य घालवलं होतं. आता पगार वेळेवर यायचा. आईची औषधं उधारीवर आणणं मी बंद केलं. लोक म्हणाले, मिळालं एकदाचं बाईंना. पण ताई संध्याकाळी घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. मी म्हटलं, शिलाईच्या दुकानात जा थोडा वेळ. म्हणाली, तिथे आता कोण आहे? सगळी खाजगीत गेली.

मग तिच्या टेबलावर त्या मुलीची फाईल आली. मुलगी वीस-बावीसची, टेकडीवरच्या शाळेतली जागा तिच्यासाठी राखलेली. खात्याने भरतीच्या मध्येच वयाची अट बदलली आणि ती बाहेर पडली. एकदा ती कार्यालयात नक्कल घ्यायला आली तेव्हा मी ताईचा डबा द्यायला गेले होते, म्हणून मी तिला पाहिलं. ती ताईला म्हणाली, "मॅडम, तुमचा निकाल मी पाठ केलाय. तो वाचूनच मी केस केली." ताईने तिला स्वतःची खुर्ची दिली.

साहेबांनी ताईला बोलावून सांगितलं होतं, हा स्टे उठला तर ती जागा मोकळी, आणि मोकळ्या जागेवर पहिला हक्क अतिरिक्त शिक्षकाचा. टेकडीवर भरपूर मुलं आहेत. उत्तर नीट लिहा.

ताईने उत्तर नीट लिहिलं. स्टे उठला, केस निकाली निघाली, मुलगी हरली. ताईला टेकडीवरच्या शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला.

मी विचारलं तिला. मला राहवेना. "ताई, अर्ध्यावर नियम बदलता येत नाही असा तुझाच निकाल आहे. मग ती हरली कशी?"

ती चप्पल पुसत होती, दुसऱ्या दिवशी शाळेचा पहिला दिवस होता. म्हणाली, "आता जाहिरातीत एक वाक्य घालतात. नियम बदलायचा हक्क आम्हाला आहे म्हणून. त्या वाक्यावर ती हरली."

"मग तिने ते वाचून अर्ज केला ना?"

"ते वाक्य नंतर घातलंय. अर्जाची मुदत संपल्यावर. तिच्या वकिलाला ते दिसलं नाही."

"आणि तुला?"

"मला दिसलं."

ती चप्पल पुसत राहिली. हीच का ती, चिंध्यांवर बसलेल्या पोरांना ढिलं शिकवायला जिने नकार दिला होता? हीच. वर्गाबाहेर इतकी वर्षं उभं केलं की माणसाचं काय होतं ते मी माझ्या घरात पाहत होते. मला तिची लाज वाटली आणि तिच्यापेक्षा जास्त, तिला तिथवर आणून सोडणाऱ्यांची किळस आली. पण उत्तर ताईने लिहिलं होतं. ते त्यांनी लिहिलं नव्हतं.

महिन्याभराने ती मुलगी घर शोधत आली. ताई नुकतीच शाळेतून आली होती, बोटांना खडू लागलेला, आवाज बसलेला, चेहरा उजळलेला. मुलीने आत येऊन बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, वरच्या कोर्टात अपील करता येतं म्हणे. माझे वकील म्हणतात, तुझं तू ठरव. घरचे म्हणतात, लग्न कर. तुमच्याशिवाय कुणाला विचारू? तुम्ही या सगळ्यातून गेलाय."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझं सगळं लक्ष ताईच्या तोंडाकडे. एक वाक्य पुरणार होतं. ते वाक्य कधी घातलं त्याची तारीख बघ, एवढंच.

ताईने तिला जवळ बसवलं. पाणी दिलं. आणि अगदी मायेने, माझा अभ्यास घ्यायची त्याच आवाजात, म्हणाली, "नको करूस, बाळा. माझ्याकडे बघ. उमेदीची वर्षं त्यात जातात आणि मग जिंकूनही काही उरत नाही. दुसरं काहीतरी कर."

यातला शब्दन् शब्द खरा होता. मुलीचे डोळे भरून आले. तिने ताईचा हात हातात घेतला, आभार मानले, म्हणाली, इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं. अपिलाचे कागद तिने पिशवीत परत घातले आणि ती गेली. ताई उद्याचा धडा काढून बसली, आणि मी जेवायला वाढलं तेव्हा तिच्याशी बोलले नाही. अजूनही कामापुरतंच बोलते.